बिननंबरचे वरचे दात

सिरियलच्या चाळिसाव्या भागात सेनापतीने वैद्यीणबाईंच्या बाहीचं टोक धरलं, तेव्हा मी एवढ्या जोरात किंचाळले की आतून लॅबच्या मालकीणबाई धावत आल्या. त्यांना वाटलं मेण कापायची सुरी माझ्या हातात घुसली.

"काय झालं? कुठे लागलं?"

"बाही धरली त्याने!" मी म्हटलं. "चाळीस भाग झाले, तेव्हा कुठे बाही!"

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि आल्या पावली परत गेल्या. त्यांना कळत नाही. बर्फ पडतोय, राजवाड्याचं दार बंद होतंय, सेनापतीच्या खांद्यात बाण आहे, आणि हा बाबा तोंडातून एक शब्द न काढता नुसती बाही धरतो. कुणाची किंकाळी निघणार नाही? माझ्या शेजारी बसलेल्या भुतोबांनीसुद्धा घास तोंडाशी तसाच धरून ठेवला होता.

भुतोबा म्हणजे आमच्या लॅबमधले प्लास्टरवाले. आमची दातांची लॅब आहे. दवाखान्यातले डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात आणि ते आमच्याकडे येतं. मागच्या खोलीत भुतोबा त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचं मॉडेल काढतात, आणि मधल्या खोलीत मी त्या मॉडेलवर मेण लावून दात मांडते. दिवसभर प्लास्टरमध्ये काम, त्यामुळे भुवयांपासून बुटांपर्यंत माणूस पांढराफटक, म्हणून भुतोबा. तोंडावर मात्र मी त्यांना 'अहो' म्हणते. अकरा वर्षं 'अहो'वरच काम भागलं. बोलायला ते फार नसतातच. दिवसाला दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे 'हं'.

ही सिरियल लावली माझ्या वहिनीने. तिने छप्पनच्या छप्पन भाग आठवड्याभरात फस्त केले आणि मला म्हणाली, "ताई, बघाच." मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाईल एका जुन्या मॉडेलला टेकवून बसले, तर तिसऱ्या भागात मागून 'हं' ऐकू आलं. चौथ्या भागाला भुतोबांनी स्वतःचं स्टूल आणलं. पाचव्या भागापासून एक इअरफोन माझ्या कानात, एक त्यांच्या. चिनी भाषा दोघांनाही कळत नाही, खाली येणारी अक्षरं वाचायची, मग कानात कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे माझ्याकडे. सेनापती आणि वैद्यीणबाई एकमेकांकडे बघतात तेव्हा बासरी वाजते. ती कानातच ऐकायला हवी. इअरफोन घेण्याआधी भुतोबा कोपरापर्यंत हात धुवायचे, नखंसुद्धा. आणि आमचा एक कडक नियम होता. पुढचा भाग चोरून बघायचा नाही. वहिनीलाही मी दम दिला होता, "शेवट सांगितलास तर याद राख."

सगळं छान चाललं होतं. मग भुतोबांनी राजीनामा दिला.

दुसऱ्या गावात त्यांची मोठी बहीण राहते. बायको गेल्यापासून ती सारखी मागे लागली होती की एकटा काय करतोस, इकडे ये, भाओजींच्या दुकानात बस. शेवटी हे 'हं' म्हणून बसले. शुक्रवार लॅबमधला शेवटचा दिवस, शनिवारी सकाळी सहा चाळीसची गाडी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "छप्पन भागांची सिरियल, आपण एक्केचाळिसाव्यावर, आणि तुम्ही चाललात?" मी म्हटलं. "ही काय पद्धत झाली?" मालकीणबाईंकडे तणतणले, वहिनीकडे तणतणले, मेणाच्या दिव्यावर राग काढला. राग सिरियलचा आहे असंच मी सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही तेच सांगत होते, आणि मला ते पटत होतं, एवढी मी हुशार.

एक्केचाळिसावा भाग बुधवारी बघितला. सेनापतीला सीमेवर जायचा हुकूम येतो. तो हिरव्या दगडाची एक गोल चकती मधोमध तोडतो आणि अर्धी वैद्यीणबाईंना पाठवतो. निरोप असा, की होकार असेल तर स्वतःकडचं काहीतरी या अर्ध्याला जोडून परत पाठव. नसेल तर मी समजून घेईन, वाट बघणार नाही. मी रुमाल भिजवला. भुतोबा त्या दिवशी डबा अर्धाच सोडून उठले. हात न धुताच आपल्या खोलीत गेले.

गुरुवारी मालकीणबाईंनी एक तातडीची केस काढली आणि जेवणाची सुट्टीच गेली. संध्याकाळी निघताना दिसलं, भुतोबांच्या मिशीला गुलाबी लगदा चिकटलाय. माप घ्यायचा लगदा असतो ना, तो. आमच्याकडे कोणाची मापं घेत नाहीत, त्यामुळे तो कोणाच्या मिशीला लागायचं काही कारण नाही. मी पोट धरून हसले. "अहो, केक खाल्लात की काय?" ते लालेलाल झाले. पांढऱ्यावर लाल फार उठून दिसतं.

शुक्रवार उजाडला. माझं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं. टेबलावर केसेसचा ढीग आणि साडेअकराला पार्सलवाल्या बाई येणार. आमच्याकडे प्रत्येक मॉडेलच्या बुडाशी नंबर कोरलेला असतो. वरचा जबडा आणि खालचा जबडा, दोघांवर एकच नंबर, म्हणजे हजार जबड्यांतून जोडी चुकत नाही. नाक्यावरच्या दवाखान्याची एक केस होती, तिचं वरचं मॉडेल फुटलं होतं आणि नव्या मापातून भुतोबा ते पुन्हा ओतून देणार होते. टेबलाच्या कडेला एक वरचं मॉडेल ठेवलेलं दिसलं. गुळगुळीत, कडा घासून पुसून, अगदी नवरदेवासारखं सजवलेलं. मी म्हटलं, आलं वाटतं. उलटून नंबर बघायचा असतो. तीस वर्षांत मी तो बघितला नाही असं झालं नाही. पण त्या दिवशी डोक्यात एकच की दुपारी बेचाळिसावा भाग आणि तोच शेवटचा. गुंडाळताना एवढं मात्र वाटलं, समोरच्या दोन दातांत फट, उजवीकडच्या सुळ्याचा टवका उडालेला, हे दात आपण कुठेतरी बघितलेत. मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, दात राहतात. पण बाई दारात उभ्या होत्या. दिलं त्यांच्या हातात.

एक वाजता आम्ही बसलो. भुतोबांनी कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बेचाळिसावा भाग सोडून माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, शेवटचा दिवस आहे, होतं असं. पडद्यावर दासीने ती अर्धी चकती घेतली, आणि त्या मूर्ख पोरीने ती न बघता औषधांच्या पेटीत टाकली, आणि ती पेटी निघाली थेट दुष्ट राजकन्येच्या महालात!

"अगं ए भवाने!" मी मोबाईलवर ओरडले. "डोळे फुटले होते का तुझे? हातात काय आहे ते उलटून बघता येत नाही? बिचारा तिकडे जीव मुठीत घेऊन बसलाय, आणि तू? अशा माणसांना कामावर ठेवतं कोण?"

बासरी थांबली. भुतोबांनी घसा खाकरला.

"सकाळी," ते म्हणाले. "तुमच्या टेबलावर एक मॉडेल ठेवलं होतं."

"हो, ते नाक्यावरच्या दवाखान्याचं. दिलं की पाठवून."

"त्यावर नंबर नव्हता."

"मी बघितलाच नाही," मी म्हटलं. "का हो?"

"काही नाही," भुतोबा म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. समोरच्या दोन दातांत फट. उजवीकडच्या सुळ्याचा टवका उडालेला.

माझी दातखीळच बसली. गुलाबी मिशी, इस्त्रीचा शर्ट, अर्धी चकती, एक एक करत सगळं डोक्यात धडाधड येऊन आदळलं. या माणसाने स्वतःच्या तोंडात स्वतःच लगदा कोंबून, स्वतःच्या वरच्या दातांचं माप घेऊन, मला अर्धा जबडा पाठवला होता. आणि मी तो पार्सल केला.

ते आपल्या कानातला इअरफोन काढून, पुसून, माझ्यासमोर नीट ठेवून आत निघूनही गेले.

मी उठले आणि पळत सुटले. अंगात एप्रन, कानात इअरफोन, केसांत मेण. धावता धावता वहिनीला फोन लावला.

"वहिनी, ती अर्धी चकती वैद्यीणबाईला मिळते की नाही? पटकन सांग!"

"वा ताई वा!" वहिनी म्हणाली. "दोन महिने माझ्या तोंडाला कुलूप लावलंत, आणि आज किल्ली मागताय? नाही सांगणार. धापा का टाकताय?"

"मी चकती हरवलीय!"

"तुम्ही?"

मी फोन ठेवला. चार गल्ल्या, दोन सिग्नल. दुसऱ्या सिग्नलला कुणी तरी ओरडलं, "ओ मावशी, बघून!" त्याच्याशी भांडायलाही मी थांबले नाही, यावरून काय ते समजा.

दवाखान्यात डॉक्टर एका भारदस्त काकांच्या तोंडात आरसा घालून उभे होते. काका संतापलेले, डॉक्टर घामाघूम, आणि ट्रेमध्ये माझं मॉडेल.

"बरं झालं आलात," डॉक्टर म्हणाले. "यांचे वरचे दात परवापर्यंत ठीक होते. तुमच्या मॉडेलमध्ये समोर एवढी मोठी फट आहे. खालच्याशी काही जुळतच नाही. मी यांना घाबरून बोलावून घेतलं."

"दोन दिवसांत फट पडली म्हणतायत हे!" काका म्हणाले. "जेवण सोडून आलोय मी. बायकोने टॉर्च लावून बघितलं, तिला दिसत नाही, शेजाऱ्यांना दिसत नाही!"

"तुमचे दात सोन्यासारखे आहेत, काका," मी म्हटलं. "चूक माझी आहे. शंभर टक्के माझी. हे मॉडेल तुमचं नाही."

"मग हे दात कोणाचे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मॉडेल उचललं. आता उलटलं. बुडाशी, जिथे नंबर असतो तिथे, भुतोबांच्या त्या बारीक, जपून कोरलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'खालचे तुमचे असावेत अशी इच्छा आहे. शनिवारी जाणार आहे. नकार असला तरी राग नाही.'

मोजून चौदा शब्द आणि 'हं' एकही नाही. अकरा वर्षांत हा माणूस माझ्याशी एका वेळी एवढं बोलला नव्हता. आणि राग नाही म्हणे! राग नाही म्हणणारा माणूस मला वाटतं रात्री झोपला नसेल. मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं, आणि त्या दवाखान्यात दोन माणसांसमोर मला कळलं की मी इतके दिवस सिरियलवर चिडले नव्हते.

"माझे आहेत," मी म्हटलं. "हे दात माझे आहेत. डॉक्टर, माझ्या खालच्या जबड्याचं माप घ्या."

"काय दुखतंय?"

"काही दुखत नाही. लगदा कालवा!"

"माझा नंबर आधी आहे," काका म्हणाले.

"काका, सेनापती उद्या सकाळी सहा चाळीसच्या गाडीने चाललाय!"

काकांना काय कळलं देव जाणे, पण ते खुर्चीतून उठले. डॉक्टरांनी लगदा कालवला, साचा भरला, माझ्या तोंडात दाबला आणि म्हणाले, "दोन मिनिटं. हलू नका, बोलू नका." बोलू नका! मला! आयुष्यात पहिल्यांदा सांगण्यासारखं काही होतं आणि तोंडात पावशेर गुलाबी लगदा. डोळ्यांतून पाणी, हनुवटीवरून लाळ. काकांनी त्यांचा रुमाल पुढे केला. "कोण सेनापती?" त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले.

माप निघालं. ओल्या कापडात गुंडाळलं. हे माप फार नाजूक, अर्ध्या तासात त्यात प्लास्टर पडलं नाही तर आक्रसतं आणि मग काही उपयोगाचं राहत नाही. एका हातात वरचं मॉडेल, दुसऱ्या हातात माझं माप, मी परत चार गल्ल्या पळाले. सिग्नलवरचा तोच माणूस म्हणाला, "मावशी, पुन्हा?"

लॅबमध्ये शिरले तर भुतोबांनी एप्रनची घडी करून स्टुलावर ठेवली होती. कप धुवून पालथा घातला होता. हात, चेहरा, भुवया सगळं स्वच्छ. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा खरा रंग दिसला, म्हणजे हा माणूस खरंच निघाला होता.

मला धाप लागली होती. मी नुसतं ते ओलं कापड त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी कापड उघडलं. माप खिडकीकडे नेलं, उजेडात फिरवलं. मापात दात नसतात, दातांचे खड्डे असतात. सगळं उलटं दिसतं, दुसऱ्या कोणाला त्यातून काही ओ की ठो कळणार नाही.

"डावीकडचे दोन एकमेकांवर चढलेत," ते म्हणाले. "हे तर तुमचे आहेत."

"ओता," मी म्हटलं. "आक्रसायच्या आत."

त्यांनी घडी केलेला एप्रन पुन्हा अंगात घातला. प्लास्टर कालवलं, माप थरथरणाऱ्या यंत्रावर धरलं आणि कडेकडेने ओतायला लागले. एकही बुडबुडा राहू नये म्हणून इतकं सावकाश ओतत होते की मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. मग प्लास्टर घट्ट व्हायला पाऊण तास. आम्ही बेचाळिसाव्या भागाचा राहिलेला तुकडा लावला. वैद्यीणबाईंनी राजकन्येच्या महालाच्या भिंतीवरून उडी मारली म्हणे. मला काही दिसलं नाही. भुतोबांच्या भुवया पुन्हा पांढऱ्या होत होत्या, मी ते बघत होते.

माप सुटलं. माझे खालचे दात बाहेर आले, वाकडेतिकडे, चढलेले, जन्मात मी त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं नव्हतं. आमच्याकडे उघडझाप करणारा एक लोखंडी जबडा असतो, त्यात वरचं आणि खालचं मॉडेल बसवून दात एकमेकांवर टेकतात का ते बघायचं. भुतोबांनी वर त्यांचं लावलं, खाली माझं, आणि हळूच मिटलं.

टक्.

एकच दात टेकला. बाकी सगळा जबडा वासलेला. इकडे माझे चढलेले दोन आडवे येत होते, तिकडे त्यांचा सुळा अडत होता. तीस वर्षांत एवढी वाईट जोडी मी बघितली नव्हती. मी हसत सुटले. भुतोबाही हसले, मोठ्याने, फट दाखवून, आणि ते हसणं ऐकून मालकीणबाई आत आल्या.

"काय चाललंय? आणि हे काय?" त्यांनी तो लोखंडी जबडा उचलून दोनदा टकटकवला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कोणी बसवलंय हे? कशाला काही लागत नाही! नंबर कुठाय यावर? कोणाची केस आहे ही?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी भुतोबा बोलले.

"आमची," ते म्हणाले.

मालकीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे. माझ्या हनुवटीला अजून गुलाबी लगदा होता.

"घासून बसवतो," भुतोबा म्हणाले. "थोडं वरचं, थोडं खालचं. वेळ लागेल, पण बसेल."

"वेळ कुठला? उद्या सकाळी तुमची गाडी आहे ना?"

"नाही," ते म्हणाले. मालकीणबाईंच्या हातातून त्यांनी तो जबडा अलगद काढून घेतला, सुरी उचलली आणि दोन्ही मॉडेलच्या कडेला एकच नंबर कोरला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. चकती सापडली का, म्हणाली, आणि आता तिच्याने अजिबात राहवत नव्हतं, शेवट सांगू का म्हणून मागे लागली.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "चौदा भाग उरलेत. आम्ही बघू."